मथुराबाई आणि होडीचं भोक

मथुराबाई पहिल्यांदा माझ्या वर्कशॉपवर आल्या तेव्हा त्यांनी ना नमस्कार केला, ना कोण कुठल्या ते सांगितलं. पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, एक दगडासारखा गोळा ठेवला. एका बाजूने भगवा, दुसऱ्या बाजूने राखाडी, आणि मधे थरावर थर.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बूच हाय. आमच्या होडीचं."

"बूच असं असतं?"

"असं नसतं, म्हनून तर आले," असं म्हणून त्या न विचारता खुर्चीवर बसल्या.

मी श्रीनिवास. जन्म नारायण पेठेतला, धंदा विश्रांतवाडीत, फायबरचा. दारं, टाक्या, बसचे बंपर, आणि गणपतीच्या आधी मंडळांचे सिंह-हत्ती. मी तुसडा आहे असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात, पण यात त्यांचं चुकलेलं नाही. मला माणसं फारशी आवडत नाहीत, आणि आवडली तर मी ते त्यांना कळू देत नाही. मथुराबाईंचा मात्र मला अभिमान वाटतो, आणि तो मनात दाबून ठेवून कुणाचंच भलं होणार नाही, म्हणून सांगतो.

मांजरीच्या पुढे नदीकाठी त्यांचं गाव आहे. गाव म्हणायचं एवढंच, आता निम्म्या उसाच्या जागी अकरा-बारा मजली इमारती उभ्या आहेत. पण देवी जुनीच आहे. अलीकडच्या काठावर धाकटी आई, पलीकडच्या काठावर थोरली आई, दोघी बहिणी. चैत्रातल्या यात्रेला धाकटीचा मुखवटा थोरलीच्या भेटीला जातो, आणि तो होडीतूनच जातो. पूल झाला त्याला बरीच वर्षं झाली. धाकटी आई काही पुलावरून गेली नाही. बहिणीकडे जायचं तर पाण्यातूनच, असा तिचा नेम. पाण्यातून म्हणजे शहर जे सोडून देतं त्याच्यातून, पण देवीने त्याबद्दल अजून तक्रार केलेली नाही.

होडी वल्हवायचा मान मथुराबाईंच्या सासरच्या घराकडे. पूर्वी लाकडी होडी होती. ती कुजल्यावर त्यांच्या नवऱ्याने, कोंडीरामने, कुठल्याशा बोट क्लबाने मोडीत काढलेली फायबरची होडी आणली. तेव्हा या घराची शेती नदीपलीकडे होती. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या होडीत घालून अलीकडे आणायच्या आणि तिथून टेम्पोने मार्केट यार्डात पाठवायच्या. हे काम मथुराबाईंचं. उन्हात, पावसात, पोटात पोर असताना, पोर पाठीला बांधून, वल्हं त्यांच्याच हातात. यात्रेच्या दिवशी मात्र ते कोंडीरामच्या हातात जायचं. तो फेटा बांधून उभा राहायचा, हलगी वाजायची, आणि मथुराबाई काठावरच्या बायकांत उभं राहून, "डावीकडं दाब, डावीकडं," असं मनातल्या मनात पुटपुटायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्या मनसोक्त हसल्या.

पाच वर्षांपूर्वी कोंडीराम गेला. मुलगा नाही, मुलगी लग्न होऊन लांब. त्या वर्षी वल्हं कोण धरणार यावर देवळात बैठक बसली. बैठक चालू असतानाच मथुराबाई होडी सोडून, नदीच्या मध्यापर्यंत जाऊन, परत आल्या. दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं, त्यामुळे बैठक आपोआप उठली. तेव्हापासून मान त्यांच्याकडे आहे. म्हणजे होता असं म्हणायची पाळी येत होती, कारण गेल्या वर्षी होडीत पाणी शिरलं.

होडीच्या मागच्या उभ्या पाटीला, अगदी तळाशी, एक भोक असतं. होडी काठावर ओढली की बूच काढायचं, आत साठलेलं पाणी निघून जातं. पाण्यात लोटताना बूच लावायचं. इतकं साधं. या होडीच्या भोकातली पितळी नळी कधीच झिजून गळून पडली होती. मग दर वर्षी यात्रेच्या आदल्या दिवशी भोकात एम-सील कोंबायचं आणि वरून भगवा ऑइलपेंट फासायचा, हा रिवाज पडला. पेंट ताजा दिसला की होडी ताजी झाली, असा सगळ्यांचा समज. माझ्या टेबलावरचा गोळा म्हणजे त्या सगळ्या यात्रांचं सार होतं.

गेल्या वर्षी नदीच्या मध्यावर तो गोळा हलला. पलीकडे पोचेपर्यंत घोट्याइतकं पाणी झालं आणि धाकट्या आईच्या शालूचा काठ भिजला. गावात वर्षभर तीच चर्चा. यात्रा कमिटीचा अध्यक्ष पृथ्वीराज, मथुराबाईंचा पुतण्या, बांधकामाच्या धंद्यातला. त्याने साफ सांगितलं की यंदा होडी गळली तर देवी फुलांनी सजवलेल्या ट्रकमधून पुलावरून जाईल. आणि एकदा पुलावरून गेली की कायमची. होडी गेली की मान गेला.

"माणूस पाठवतो. दोन दिवसांचं काम आहे," मी मथुराबाईंना म्हणालो.

"न्हाई चालायचं. होडीच्या कामाला आमच्याच घरच्याचा हात लागतो. दुसऱ्याचा लागत न्हाई."

"मग इथे कशाला आलात?"

"तुमी आमच्या देवळाची कमान केली व्हती. अजून तडा गेला न्हाई. तुमी सांगायचं, मी करायचं."

मी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही. कामगार ठेवतो तो शिकलेला ठेवतो. पण त्या उठायलाच तयार नव्हत्या, आणि माझा चहा गार होत होता. मी हो म्हणालो.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी मी गेलो. करंजाच्या झाडाखाली होडी पालथी घातलेली होती. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि होडीपासून हातभर लांब बसवलं. पंचवीस वर्षं फायबरमध्ये हात घालणाऱ्या माणसाने हात बांधून बसायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. मी बोट दाखवायचो आणि मथुराबाई करायच्या. तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि हातात ग्राइंडर. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा ग्राइंडर उसळला. त्यांनी त्याला एक शिवी दिली आणि दोन्ही हातांनी दाबला. पुन्हा तो उसळला नाही.

पेंटचे थर निघाले. खाली मूळचा फिका निळा रंग लागला, तो त्यांनी कितीतरी वर्षांनी पाहिला असावा. मग मी भोकाच्या कडेला स्क्रूड्रायव्हरने टोचायला सांगितलं. तो लोण्यात जावा तसा आत गेला.

"ही पाटी नुसती फायबरची नाही," मी म्हणालो. "बाहेर फायबर, आत फायबर, मधे प्लायवूड. नळी गेली तेव्हा प्लायवूडची कड उघडी पडली. तेव्हापासून ते पाणी पितंय. तुम्ही वरून बूच कोंबत होतात आणि आत ते कुजत होतं."

"म्हंजी भोक बारीक, आन् दुखनं मोठं."

"हो. आता भोक बुजवायचं नाही. आधी मोठं करायचं. कुजलेलं सगळं काढायचं, कोरडं टणक लाकूड लागेपर्यंत."

त्यांनी वाकवलेल्या खिळ्याने खरवडून काळा चोथा बाहेर काढला. अंगठ्याएवढं भोक वाटीएवढं झालं. मग ते उन्हात वाळत ठेवलं. चैत्रातलं ऊन फुकट मिळतं आणि ड्रायरपेक्षा चांगलं काम करतं. मी रोज फोन करून विचारायचो, रोज त्या म्हणायच्या, "अजून वास येतोय." ओल्या लाकडाचा वास जायला आठवडा लागला. गेला तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला.

रेझिन, म्हणजे वाळल्यावर दगडासारखा होणारा चिकट द्रव, भरायच्या दिवशी मी सामान घेऊन पोचलो. होडी स्वच्छ, पुसलेली, हळदीचे पट्टे ओढलेले. भोकाची कड मात्र चमकत होती. मी बोट न लावता वाकून पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं.

"अहो, हे काय लावलंत?"

"तेल," त्या म्हणाल्या. "कामाला हात घालायच्या आधी होडीला तेल-हळद लावायची रीत हाय. आन् लाकूड उघडं पडलं की त्येला तेल पाजायचं, मंग ते पानी पीत न्हाई. बैलगाडीला न्हाई का लावत?"

लाकडाच्या होडीसाठी ते शंभर टक्के बरोबर होतं. त्यांच्या सासऱ्यानेही तेच केलं असतं. पण मला तेव्हा बैलगाडीचं कौतुक सुचणार होतं थोडंच!

"धिरडं घालताना तव्याला तेल कशाला लावता? चिकटू नये म्हणूनच ना? आणि मला इथे चिकटवायचंय! आठवडाभर वाळवलं आणि आज सकाळी तेल पाजलं! धन्य आहे! आणा ते धिरडं आता, मीही खातो आणि घरी जातो!"

मी खरंच सामान उचललं. मथुराबाईंचा चेहरा उतरला होता. यात्रा तोंडावर आली होती, आणि चूक कुणाची हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पुसून निगंल?"

"वरचं निघेल. लाकडाने प्यायलंय ते नाही निघणार."

"मंग जितकं प्यायलंय तितकं कापायचं?"

मी पिशवी खाली ठेवली. माझ्या तोंडून जे यायला हवं होतं ते त्यांच्या तोंडून आलं होतं. "आधी थिनरने पुसा," मी म्हणालो, "नाहीतर घासताना तेल आणखी आत जाईल. मग कापा."

त्यांनी पुसलं, कापलं, पुन्हा पुसलं, पुन्हा कापलं. दुपार टळटळीत होती. फायबरची पूड घामावर बसून अंगाला खाज सुटते, ती किती ते मला विचारा. त्या एकदाही थांबल्या नाहीत. वाटीएवढं भोक तांब्याच्या तोंडाएवढं झालं. तेवढ्यात पृथ्वीराज गाडीतून उतरला, गॉगल कपाळावर चढवला आणि पाहतच राहिला.

"काकू, भोक बुजवायचं व्हतं का दार बसवायचं व्हतं?"

"दारच बसवती," त्या ग्राइंडर न थांबवता म्हणाल्या. "पयला तुला त्यातनं भाईर काढती."

बघायला जमलेली माणसं हसली, पृथ्वीराजही हसला. पण जाताना तो माझ्याजवळ थांबला. "काका, खरं सांगा. पाण्यात बायामाणसं असत्यात, देवी असती. मला काकूचा मान काढायचा न्हाई हो, पन एक थेंब जरी गळाला तर मी रिस्क घेनार नाय. मी ट्रक सांगून ठेवलाय." त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

लाकूड पुन्हा उन्हात तापलं. तिसऱ्या दिवशी आम्ही रेझिन भरायला घेतलं. रेझिन आणि हार्डनर मोजून, त्यात काचेच्या धाग्यांचे तुकडे आणि पावडर घालून, चक्क्यासारखं घट्ट कालवायचं. मी बजावलं होतं की थोडं थोडं करा. पण घरात कणीक एकदाच भिजवायची सवय. त्यांनी सगळं एका मगात कालवलं, आणि बघता बघता मग तापून धुरायला लागला. त्यांनी तो लांब फेकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ओरडायची वाट पाहत असाव्यात. मी ओरडलो नाही. दुसरा मग पुढे केला. त्यानंतर त्यांनी वाटीवाटीने कालवलं, एक थर भरला, तो गार झाला की दुसरा. आतून-बाहेरून काचेची मॅट, ब्रशने ठोकून ठोकून, एकही बुडबुडा न ठेवता. माझ्याकडे कामाला असलेली माणसं बुडबुडे ठेवतात. मी ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांची देवी बसायची नसंल त्यात."

वाळल्यावर पाटीवर हात फिरवला तर कुठे भोक होतं ते कळत नव्हतं. हे वाक्य मी ऐकीव लिहितोय, कारण हात त्यांनी फिरवला. मला नुसतं बघायची परवानगी होती.

"झालं की मग," पृथ्वीराज म्हणाला. "बुजलं. आता असंच ऱ्हाऊ दे."

मी ड्रिल मशीन पुढे केलं. सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. मथुराबाईंनी मात्र ते घेतलं आणि म्हणाल्या, "पानी वरनं बी येतं. माणसं वलं पाय घेऊन चढत्यात, वल्ह्याचं शितोडं पडत्यात. त्येला जायाला वाट नको? भोक ऱ्हानार. पन आता ते माझ्या मर्जीनं उघडनार."

त्यांनी घट्ट झालेल्या रेझिनच्या मधोमध बारीक भोक पाडलं. आता पाणी आलं तरी त्याच्या चहूबाजूंनी रेझिनच, लाकूड पार लांब. त्यात नाना पेठेतून आणलेली पितळी नळी सीलंट लावून बसवली, तिला आट्यांचं झाकण. झाकण फिरवून घट्ट केलं तेव्हा त्यांनी ते दोनदा उघडून पुन्हा लावलं. कशाला, ते मी विचारलं नाही. मीही माझं काम संपल्यावर तेच करतो.

यात्रेच्या आदल्या दिवशी परीक्षा. होडी विटांवर चढवून, मळ्यातल्या पाइपने काठोकाठ भरली. मथुराबाईंनी भोकाखाली चुलीतली कोरडी राख पसरली. थेंब पडला तर राखेत खड्डा दिसेल, कुणाला "घाम असेल, दव असेल" म्हणायला जागा नको. अख्खं गाव जमलं. इमारतीतले लोकही बाल्कनीतून बघत होते. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं, त्यातलं एक अक्षर मी वाचलं नाही. इमारतीची सावली करंजाच्या बुंध्यापर्यंत सरकली. पृथ्वीराज इस्त्रीच्या पँटनिशी गुडघ्यावर बसला, राखेजवळ नाक नेलं, मोबाइलची बॅटरी मारून बघितलं. राख सपाट होती. तो उठला, गुडघे झटकले आणि काकूंच्या पाया पडला.

"ट्रकवाल्याला नको म्हणून कळवतोस का?" मी विचारलं.

"ट्रक येऊ द्या की. डीजे ठेवायला लागतोच," तो म्हणाला. माणसात सुधारणा एका दिवसात होत नाही.

दुसऱ्या दिवशी मला पोहता येत नाही असं मी तीनदा सांगितलं. मथुराबाईंनी चौथ्यांदा सांगू दिलं नाही, होडीत बसवलं. जलपर्णी आदल्या दिवशी पोरांनी ओढून वाट केली होती. समोर धाकटी आई शालूत, मागे मथुराबाई उभ्या, हातात वल्हं. काठावर बसून ज्यांना मी आठ-दहा दिवस बोट दाखवून काम सांगितलं त्या बाई पाण्यात गेल्या की सरळ ताठ होतात, खांदे रुंद होतात, हे मला तेव्हा दिसलं. मी बोटांनी सारखा तळ चाचपत होतो. तळ कोरडा होता. आणि खरं सांगतो, माझी छाती भरून आली. पाटीला माझा एक हातही लागला नव्हता, तरी ते काम माझं असल्यासारखा मी ताठ बसलो होतो.

पलीकडच्या काठाची एक रीत आहे. होडी लागली की थोरल्या आईच्या देवळातली सगळ्यांत वडील बाई येते आणि होडी आणणाऱ्याचे पाय धुते. कोंडीरामचे पाय धुतले जायचे. तो गेल्यापासून ते पाणी वल्ह्यावर ओतायचे. विधवेचे पाय यात्रेत कसे धुवायचे, हा प्रश्न तिथे कुणी तोंडाने विचारला नव्हता, पण उत्तर सगळ्यांनी देऊन टाकलं होतं. मथुराबाई दर वर्षी वल्हं पुढे करायच्या आणि बाजूला बघायच्या.

यंदा तांब्या घेऊन आल्या त्या गोदाबाई, कमरेत पार वाकलेल्या. मथुराबाईंनी वल्हं पुढे केलं. गोदाबाईंनी ते एका हाताने बाजूला सारलं, होडीत वाकल्या, देवीच्या आसनाखालून मागच्या पाटीपर्यंत तळावरून तळवा फिरवला, आणि तो वर करून मागच्या बायकांना दाखवला. कोरडा. मग त्या मथुराबाईंच्या पायांशी बसल्या. हलगीवाला वाजवायचा थांबला.

मथुराबाईंनी पाय मागे घेतला. मला वाटलं, लाजल्या, घाबरल्या. तसं काही नव्हतं. वल्हं माझ्या मांडीवर टाकून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कापल्याचे ओरखडे, सोललेली बोटं, नखांत आणि भेगांत बसलेलं पिवळट रेझिन.

"पाय नगं, गोदाबाई," त्या म्हणाल्या, सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात. "हातावर घाल. होडी मी हातानं नीट केलीया."

गोदाबाईंनी त्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. मग तांब्या कलता केला आणि सगळं पाणी त्या हातांवर सोडलं, आणि आपल्या पदराने चोळून चोळून ते हात धुतले. रेझिन पाण्याने निघत नाही. हे मला माहीत होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही.